आधी कामगारांचा पगार

मढच्या कोळीवाड्यातून मासेमारीला जाणाऱ्यांना मुंबई हाय या तेलक्षेत्राचे नाव नवे नाही. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबई किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, १९७६ पासून उत्पादन सुरू झाले आणि त्याच्या आधाराने एक अख्खा रोजगार उभा राहिला. रिगवर डिझेल, पिण्याचे पाणी, पाइप, शिधा पोहोचवणाऱ्या जहाजांवरचे खलाशी, बार्जवरचे वेल्डर-फिटर, ही जहाजे बांधणारे रत्नागिरी-दाभोळचे कारागीर. तेलाचा भाव पडला की आधी घरी बसतात ती हीच माणसे.

२०१४ च्या मध्यास पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्याही खाली आले. जगभर पुरवठा जहाजांना काम उरले नाही. मुंबईच्या जीओएल ऑफशोअरचे ‘मालवीय सेव्हन’ हे पुरवठा जहाज थकलेल्या पगारापायी स्कॉटलंडच्या ॲबर्डीन बंदरात अडकले. भारतीय खलाशी महिनोन्‌महिने त्या जहाजावरच राहिले, कारण जहाज सोडले तर पगारही बुडेल ही धास्ती. स्थानिक लोकांनी त्यांना खाऊ-पिऊ घातले. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने जहाज विकायला परवानगी दिली, तेव्हा कुठे पैशांची वाट मोकळी झाली. जीओएल ऑफशोअर ही कंपनी २००९ मध्ये एबीजी शिपयार्डशी चढाओढ करून ताब्यात घेणारी भारती शिपयार्डही पुढे दिवाळखोरीत गेली. २०१९ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

आपल्याकडे २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याने खलाशाच्या पगाराला जहाजावर पहिला हक्क दिला. हे योग्यच झाले. यार्डात कंत्राटदाराने आणलेल्या वेल्डरला मात्र तसा हक्क नाही. त्याने आधी दाद मागायची ती कंत्राटदाराकडे, आणि काम थांबल्यावर कंत्राटदार सापडेलच असे नाही. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा असे कायदा सांगतो खरा, पण मूळ मालकच दिवाळखोरीत गेला तर?

कंत्राटांची ही साखळी किती लांब असते, ते १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात ‘पी-३०५’ बार्ज बुडाली तेव्हा देशाने पाहिले. काम ओएनजीसी या तेल कंपनीचे, कंत्राट ॲफकॉन्सचे, बार्ज तिसऱ्याच कंपनीची. २६१ पैकी सत्तरहून अधिक माणसे दगावली आणि जबाबदारी कोणाची यावर वाद सुरू झाला. माणूस मेला तरी जिथे असा घोळ होतो, तिथे बुडालेल्या पगाराला कोण विचारणार?

वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांना चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची आर्थिक हमी द्यावी, असे आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार जानेवारी २०१७ पासून सांगतो. हीच हमी बार्जवरच्या आणि यार्डातल्या कंत्राटी कामगारांना का नको? ओएनजीसी सरकारी कंपनी आहे. कंत्राटदाराकडून पगाराची बँक हमी आधी घ्यावी, शेवटच्या कामगाराचा हिशेब चुकता झाल्याशिवाय ती सोडू नये, ही अट तिला निविदेतच घालता येईल. त्यासाठी संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.