चौसष्ट पैशांचा रुपया

दिवाळीच्या खरेदीत यंदा आमच्या घरी एक हार्ड डिस्क आली. घरातले सारे जुने फोटो आणि सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या तिच्यात जपून ठेवायच्या, असा आमच्या हिचा बेत. खोक्यावर छापले होते १ टेराबाइट, म्हणजे १००० गिगाबाइट. संगणकाला जोडली, तर तो म्हणतो ९३१!

"उरलेले एकोणसत्तर कुठे गेले?" ही म्हणाली. चिरंजीव तर पावती घेऊन भांडायला निघालेच. दुकानदार वीस वर्षांच्या ओळखीचा; त्याला एकदम चोर ठरवायचे?

"थांब," मी म्हटले, "आधी आजीला विचार, तिच्या लहानपणी रुपयाचे पैसे किती होते?"

चौसष्ट! रुपयाची अधेली, तिची पावली, तिची चवली, तिचा आणा, सगळे निम्मे-निम्मे. संगणकाचीही रीत हीच, फक्त उलट्या दिशेने. तो दुपटीने चढतो: २, ४, ८ करीत दहाव्या पायरीला १०२४. हे हजाराच्या जवळ, म्हणून जुन्या मंडळींनी त्यालाच 'किलो' म्हणून टाकले. किलोला फरक चोविसाचाच. पण तो पायरीपायरीने वाढतो. गिगाला शेकडा सातावर जातो, टेराला जवळजवळ दहा. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने भागते आणि नाव मात्र 'गिगाबाइट' हेच लावते. मॅकने २००९ पासून हजाराचा हिशेब धरला. डिस्क तीच, बाइट तेवढेच!

१९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा सरकारने घोटाळा टाळण्यासाठी त्यांना 'नवे पैसे' म्हटले, आणि लोकांनीही म्हटले. १९९८ साली १०२४ च्या मापांनाही अशीच निराळी नावे मिळाली: किबी, मेबी, गिबी. पण ती बाजारात कोणी उच्चारीत नाही. बारशालाच पाहुणे आले नाहीत म्हणायचे!

मराठीच्या मास्तराला खुपते ते वेगळेच. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. नुसते 'श्री' लिहिले की बारा खर्च! तरी आमच्या साऱ्या व्याख्यानांच्या टिपणांनी त्या डिस्कचा कोपराही भरला नाही.

तेव्हा खरेदीला जाताना खोक्यावरच्या गिगाबाइटांना ०.९३ ने गुणून जा. ५०० ची डिस्क विंडोजवर ४६५ च्या आसपास दिसेल. फारच कमी दिसली, तर पावती काढा.