वजन घटले, पण काय घटले?

पर्युषणातील पारणी आटोपली, की जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. अठाई करणाऱ्या तपस्व्याची सुखसाता विचारून झाल्यावर कोणीतरी हलकेच विचारतो, "वजन किती उतरले?" उत्तर बहुधा काही किलोंचे असते. दिवाळीच्या सुमारास मात्र काटा पुन्हा जुन्या आकड्यावर येतो आणि कंबरेचा पट्टा एक भोक पुढे सरकतो. याचा अर्थ तपश्चर्या व्यर्थ गेली, असा नव्हे. तप कर्मनिर्जरेसाठी आहे. त्याच्याकडून चरबी उतरवण्याची अपेक्षा धरणे, ही हिशेबातील चूक आहे.

काटा दाखवतो ती ताळेबंदाची केवळ शेवटची बेरीज. तीत चरबी किती, स्नायू किती आणि पाणी किती, हे तो सांगत नाही. उपवासाच्या आरंभी शरीर ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर वापरते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते; तेही निघून जाते. पुढे चरबी जळते हे खरे, पण मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजसाठी काही प्रथिने स्नायूंतूनही काढली जातात. पारण्यानंतर पाणी लगेच परतते, फरसाण-मिठाईतून चरबी परतते. स्नायू मात्र श्रमावाचून परतत नाहीत. देणे तेवढेच राहते आणि भांडवल घटते.

हा प्रश्न केवळ स्थूल माणसांचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. बॉडी मास इंडेक्स २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असते आणि ती मधुमेहाला वाट करून देते. म्हणून काट्याबरोबर टेपही हाती घ्यावी. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपलीकडे गेली, तर ती सावधगिरीची सूचना समजावी.

उपाय दुहेरी आहे: आहारात माफक कपात आणि स्नायूंना वजनाचे काम. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास घट होते. याहून घाई नको. ही कपात तेल, तूप, साखर, शेव-फरसाण आणि दुकानात दिवसभर येणाऱ्या गोड चहातून करावी. ऊनोदरी आणि रसपरित्याग या बाह्यतपांनी हाच संयम शिकवला आहे.

मात्र डाळ कमी करू नये. डाळमिलांसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावातच अनेक ताटांत डाळ पातळ आणि पोळ्या अधिक, ही विसंगती आहे. सत्तर किलोच्या माणसाला रोज सुमारे ५८ ग्रॅम प्रथिने हवीत. वजने उचलणाऱ्याला त्याहून अधिक. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. घट्ट मूगडाळ, हरभरे, सोयाबीन, पनीर, दूध यांनी ही तूट भरते. ज्यांना मोडाची कडधान्ये वर्ज्य आहेत, त्यांना डाळी पुरेशा आहेत. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही स्वतंत्र वेळी घ्यावे. खानदेशची कळण्याची भाकरी तर ज्वारी आणि उडीद यांच्या प्रथिनांतील उणिवा परस्पर भरून काढते.

पूर्वी दुकानाचा मालकही पोत्याला हात लावी. आता तो गादीवरून उठत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा-पाऊण तास बैठका, भिंतीला टेकून जोर, डंबेल्स किंवा पाच किलोची पिशवी उचलणे, एवढ्यानेही आरंभ होतो. आठ ते बारा आवर्तनांत शेवटची दोन कष्टाची वाटावीत. ती सोपी झाली, की वजन थोडे वाढवावे. कॅलरी कमी मिळत असताना कोणता स्नायू मोडावा आणि कोणता राखावा, हे शरीर त्याच्या वापरावरून ठरवते. स्त्रियांनीही वजने उचलावीत. हाडेही त्याने बळकट होतात.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. दुकान बंद करून रात्री व्यायामशाळेत गेल्यास चौविहार पाळणाऱ्याला नंतर पाणीही घेता येत नाही, आणि खानदेशातील उन्हाळ्यात हे धोक्याचे आहे. त्याऐवजी नवकारसीनंतर पाणी पिऊन, दुकान उघडण्यापूर्वी व्यायाम करावा. मग प्रथिनयुक्त न्याहारी. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वीही विचारावे.

पुढच्या पर्युषणात तपस्व्याची सुखसाता अवश्य विचारावी. वजन विचारू नये. चरबीचा हिशेब वर्षातील उरलेल्या दिवसांत, ताटावर आणि डंबेल्सवर चुकता करायचा असतो.