लोकसभा लोकांची, मग राज्यसभा कुणाची?

मतदारसंघ पुनर्रचनेचा विषय निघाला की दोन ठरलेले गट भांडायला लागतात. एक म्हणतो, प्रत्येक मताची किंमत सारखी हवी. दुसरा म्हणतो, आम्ही लोकसंख्या आटोक्यात ठेवली, त्याची शिक्षा आम्हालाच का?

दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच तर संसदेला दोन सभागृहं आहेत ना! लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर कायमचं अडवून ठेवता येणार नाही. पण राज्यांचा तोल जिथे सांभाळायचा त्या राज्यसभेतही आपण डोकीच मोजतो: उत्तर प्रदेश ३१, तमिळनाडू १८, केरळ ९, सिक्कीम १. अमेरिकेच्या सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाला दोन, चिमुकल्या वायोमिंगलाही दोनच.

वर २००३ मध्ये रहिवासाची अटही काढून टाकली. म्हणजे महाराष्ट्राच्या जागेवर कुणालाही बसवा!

अगदी समान जागा नकोत, मान्य. पण छोट्या राज्यांच्या जागा वाढवा, मोठ्यांना कमाल मर्यादा घाला, रहिवासाची अट परत आणा. हे आधी, लोकसभेची नवी मोजणी नंतर.

राज्यसभा फक्त पडलेल्या नेत्यांची सोय म्हणूनच ठेवायची असेल, तर दक्षिणेच्या भीतीला फुटीरपणा म्हणायचा हक्क आपल्याला नाही.