शहाण्यांचेच मत

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी दरवर्षी एक गृहस्थ येतात. माणूस सज्जन, वाचन दांडगे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. यंदा त्यांनी चकली संपवली, चिवड्याची बशी जवळ ओढली आणि ते म्हणाले, ‘‘मास्तर, खरे सांगू का? या देशाचे वाटोळे एकाच गोष्टीने केले. सरसकट सगळ्यांच्या हाती मत दिले! जो कर भरतो, जो चार बुके शिकला आहे, त्यालाच मत असावे. बाकीच्यांना मत म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.’’

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्या वेळी आत मोरीवर होत्या. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी काही बोललो नाही. सणाचा दिवस, पाहुणा दारी आलेला, आणि वयाने वडील. पण उत्तर घशाशी अडकले ते अडकलेच. ते आज येथे देतो. गृहस्थ हा अंक विकत घेतात, हे मला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट अशी की, त्यांना जी कल्पना नवी वाटते ती जुनी आहे. आणि नुसती जुनी नव्हे, वापरून पाहिलेली आहे. तीही दूर कुठे नव्हे, याच मुंबई बंदरात, आणि थोडीथोडकी नव्हे, चांगली पाऊणशे वर्षे. तिचा जमाखर्च मांडायला हरकत नसावी.

1872 साली मुंबई म्युनिसिपालिटीचा नवा कायदा झाला. त्याआधी कारभार सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींच्या हाती होता. खर्च बेसुमार वाढला, करदात्यांनी ओरड केली, तरुण फिरोजशहा मेहता निवडणुकीच्या बाजूने बोलले, आणि चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन जन्माला आले. त्यांपैकी सोळा सरकारने नेमायचे, सोळा जस्टिसांनी निवडायचे आणि बत्तीस करदात्यांनी. करदाता कोण? जो वर्षाला निदान पन्नास रुपये कर भरतो तो. त्या वर्षीच्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती 6,44,405 भरली होती. गिरणीतल्या साध्या कामगाराला पन्नास रुपये हाती यायला कित्येक महिने राबावे लागे, मग ते करापोटी भरायची गोष्ट कुठली!

पुढे 1888 च्या कायद्याने पन्नासाचे तीस रुपये केले आणि विद्यापीठाच्या पदवीधरांनाही मत दिले. म्हणजे आमच्या गृहस्थांच्या मनातली योजना तंतोतंत अमलात आली: कर भरणारा आणि शिकलेला! तीस रुपयांत घराचा कर धरत, तसा गाडीघोड्यांवरचा करही धरत. ज्याच्या दारी बग्गी होती त्याला घोड्याच्या जोरावर मत मिळू शके. घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराला मात्र नाही.

आता बंदराकडे चला. प्रिन्सेस डॉक 1880 साली उघडला, व्हिक्टोरिया डॉक 1888 साली. मांडवी, दाणाबंदर, मशीद बंदर हा सारा भाग गोण्यांनी आणि माणसांनी भरून गेला. रत्नागिरीचा गडी गलबतातून नाहीतर आगबोटीतून धक्क्यावर उतरे. डोक्यावर ट्रंक, हातात नारळांची पिशवी, आणि ओळखीच्या माणसाचा पत्ता कागदाच्या चिटोऱ्यावर. पहाटे गोदीच्या फाटकाशी उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखवले तर काम, नाहीतर उपास. रात्री गाववाल्यांच्या खोलीत वळकटी पसरायची. एकाची पाळी सुटली की त्याच जागेवर दुसरा आडवा होई. जेवण खानावळवालीकडे. संडास मजल्याला मोजके, आणि नळावर हंडे-कळशांची रांग.

हा माणूस कर भरत नव्हता, असे आमचे गृहस्थ म्हणतील. येथेच तर सगळी मेख आहे! तो कर भरत होता. शहरात येणाऱ्या धान्यावर, तुपावर, जळाऊ लाकडावर जकात होती. ती वाण्याने आपल्या खिशातून भरली नाही, भाकरीच्या भावात घातली. घरमालकाने घरपट्टी भरली ती खोल्यांच्या भाड्यातून. पैसा भाडेकऱ्याचा, पावती मालकाची आणि मत पावतीला! पाच मजली चाळीतली शेकडो माणसे मिळून जो कर देत, त्याचे मत पेढीवर बसलेला एकटा मालक देई. करदात्यांचा मताधिकार म्हणतात तो प्रत्यक्षात पावतीवाल्यांचा मताधिकार होता.

त्या कॉर्पोरेशनातली माणसे वाईट होती, असे मी मुळीच म्हणणार नाही. तिथे फिरोजशहांसारखी बुद्धिमान, निःस्पृह माणसे बसत. तानसाचे पाणी त्यांच्याच काळात, 1892 साली, शहरात आले. म्हणून तर हा दाखला मी घेतो. माणसे चांगली, शिकलेली, स्वतःच्या पदरचा वेळ देणारी. आणि तरीही काय घडले ते पाहा. पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे गरिबाच्या आळीपर्यंत पुरेशी पोचली नाहीत. चाळीत हवा-उजेडाची सक्ती करायची म्हटली की मालकांचे उत्पन्न घटणार, आणि मतदार तर मालकच! पट्टी वाढली की मतदार रागावे. पण मोरी तुंबली तर मोरीशेजारच्याला रागावण्याची सोयच नव्हती. दुष्टपणा कोणी केला नाही. हिशेब ज्याने मागितला त्याला दिला, एवढेच.

मग 1896 चा सप्टेंबर आला. मांडवीत, गोदीला लागून, धान्याच्या वखारींच्या त्या दाटीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिली गाठ ओळखली. प्लेग! पुढच्या काही महिन्यांत शहर निम्मे रिकामे झाले. स्टेशने आणि धक्के माणसांनी फुलले. 1897 साली सरकारने प्लेग कमिटी नेमली. गोरे सोजीर घरात शिरू लागले, माणसे इस्पितळात आणि छावणीत नेऊ लागले, सामान रस्त्यावर काढून जाळू लागले. 1898 च्या मार्चमध्ये शहरात दंगा उसळला.

यात नवल ते काय? ज्याला मत नसते त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: दगड नाहीतर बोचके. मुंबईच्या गरिबाने आधी बोचके उचलले, मग दगड.

दगडाशिवाय तिसरा मार्ग काढणाराही एक होता, हे सांगितलेच पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी 1884 साली गिरणीकामगारांची सभा भरवली, हजारोंच्या सह्यांचा अर्ज केला आणि आठवड्याची सुट्टी मागितली. ती रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली. मत नसलेल्या माणसांना एक रविवार मिळवायला सहा वर्षे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. हेच लोखंडे प्लेगात लोकांची सेवा करता करता 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगनेच गेले.

प्लेगनंतर 1898 साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्यात सरकारचे, बंदराचे, व्यापाऱ्यांचे, कॉर्पोरेशनचे प्रतिनिधी होते. चाळीतला कोणी नव्हता. ट्रस्टने रुंद रस्ते केले आणि ते सुंदरच आहेत. पण रस्त्यांसाठी जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली बिऱ्हाडे शेजारच्या आळीत आणखी दाटीने राहू लागली. 1911 च्या खानेसुमारीत मुंबईतली दोनतृतीयांशांहून अधिक माणसे एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. 1921 साली नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत गेली. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला आहे, हे मान्य. पण कितीही वजाबाकी करा, उरतो तो आकडा आईच्या काळजाला भोके पाडणारा आहे. आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात तो सगळ्यांत जास्त होता.

तेव्हा कुठे दार किलकिले झाले. 1922 साली महिना दहा रुपये भाडे भरणाराला कॉर्पोरेशनचे मत मिळाले. गिरणगावातली खोली साधारणपणे त्याहून स्वस्त. म्हणजे कामगार पुन्हा उंबऱ्याबाहेर. 1938 साली दहाचे पाच झाले. सगळ्या सज्ञान स्त्री-पुरुषांच्या मताने पहिली निवडणूक झाली ती 1948 साली. पहिल्या पन्नास रुपयांपासून येथवर यायला पाऊणशे वर्षे लागली.

या वाटेवर एक माणूस आमच्या गृहस्थांनी लक्षात ठेवावा. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे परळला याच ट्रस्टच्या चाळीत राहिले. त्यांच्याइतका शिकलेला दुसरा माणूस त्या काळी शोधून काढावा लागला असता. ‘शिकलेल्यालाच मत’ या नियमाने त्यांचे काहीच बिघडत नव्हते. त्यांनी मात्र 1928 साली सायमन कमिशनकडे मागणी केली ती सर्व प्रौढांच्या मताची. मत हे शहाणपणाचे बक्षीस नव्हे, स्वतःचा जीव राखण्याचे साधन आहे, हे चाळीत राहणाऱ्या त्या विद्वानाला कळले होते.

आता गृहस्थांचे दोन आक्षेप. पहिला, गरीब मत विकतो. विकतो, कोणी कोणी विकतो. मी नाकारत नाही. पण विकणारा असतो तिथे घेणारा असतो, आणि घेणारा बहुधा शिकलेला आणि कर भरणारा असतो! त्याचे मत काढून घ्या, असे कधी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. शिवाय मत गुप्त आहे. पैसे घेऊनही मनासारखे देणारे कितीतरी असतात.

दुसरा आक्षेप जड आहे. 1948 पासून सगळ्यांना मत आहे, मग गटारे अजून का तुंबतात? खरे आहे, तुंबतात. मत म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. पण फरक पडला नाही, असे म्हणू नका. ज्या हमालाला 1872 च्या कायद्याने माणसांत मोजले नव्हते, त्याच्यासाठी 1969 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभे राहिलेले ते हमाल नुसते संपकरी नव्हते, मतदारही होते. मंत्र्याला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. पाठीवरच्या ओझ्याला मजुरीचा दर, प्रॉव्हिडंट फंड, औषधपाणी, हे सारे कायद्याने बांधून मिळाले. पावतीवाल्यांच्या कॉर्पोरेशनला असे काही सुचल्याचे मला तरी माहीत नाही.

आणि एक उलट प्रश्न. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासकच कारभार पाहत होते. कर भरणाऱ्याला मत नाही, पदवीधराला मत नाही, कोणालाच नाही. तेव्हा आमचे शहाणे कुठे होते? एका दिवाळीलाही, चकली खाताना, हे गृहस्थ त्यावर अवाक्षर बोलल्याचे मला आठवत नाही. ज्यांना सर्वांचे मत डोळ्यांत खुपते, त्यांना सर्वांचे मत हरवले तरी कळत नाही. कारण त्यांचे काम मताशिवाय भागते. एक फोन केला की होते. मावशींच्या आळीत नळ गेला तर त्या फोन कोणाला करणार? त्यांच्यापाशी पाच वर्षांतून एकदा बोटाला लागणारी शाई आहे, आणि ती शाई मागायला येणारा माणूस आहे.

मी मॅट्रिकपुढे गेलो नाही. गृहस्थांचा नियम आला तर मला मत राहील की जाईल, हे त्यांनाच विचारावे लागेल. पण मास्तर असल्यामुळे निवडणुकीच्या कामाला मला जावे लागते. यादी समोर घेऊन मी बसतो आणि येईल त्याचे नाव मोठ्याने पुकारतो. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली होती. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. बहुतेक बाया उत्तरेकडच्या होत्या. पण आपणही फार मिजास करू नये. आमच्या मावशी आठ वर्षे घरी येताहेत. त्यांचे नाव मला 2024 साली कळले, त्यांनी मतदानाची चिठ्ठी वाचून दाखवा म्हणून माझ्यापुढे धरली तेव्हा. तोवर आमच्या घराला त्या नुसत्या मावशी होत्या. सरकारच्या यादीने त्यांना त्यांच्या नावाने ओळखले. मी, शिकलेल्या माणसाने, नाही.

पुढच्या दिवाळीला गृहस्थ येतील. त्यांनी जरूर यावे. आमच्याकडच्या चकल्या चांगल्या होतात. पण तो विषय काढायचा असेल, तर मावशींना बाहेर बोलावून, त्यांच्या तोंडावर काढावा, एवढी आपली माझी अट.