विहाराला कमान हवी की पाण्याची टाकी?

22 जुलै 2021 ची रात्र पाटण तालुका विसरलेला नाही. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला आणि झोपेतली माणसे, दावणीची जनावरे गाडली गेली. त्याच चोवीस तासांत शेजारच्या महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला. रस्ते तुटले, वीज गेली, मोबाईल मुके झाले. वाचलेल्यांना कोयनानगर, मोरगिरी अशा ठिकाणी आसरा घ्यावा लागला.

आरोग्यसेविका म्हणून मी अशा आसऱ्याच्या जागी काम केले आहे. एका पावसाळ्यात एका आजींना विचारले, "आजी, गोळी कशाची चालू आहे?" त्या म्हणाल्या, "बारकी, पांढरी. सकाळची." डॉक्टरांची चिठ्ठी घरात आणि घर पाण्यात. ती गोळी बीपीची की साखरेची, हे कळायला दीड दिवस गेला. आजी पुरातून वाचल्या होत्या, पण धोका टळलेला नव्हता. आपत्तीत दगावणारे सगळेच दरडीखाली दगावत नाहीत. काहीजण नंतरच्या पंधरा दिवसांत जुलाबाने, तापाने, सुटलेल्या औषधाने जातात. त्यांची मोजदाद कुणी करत नाही.

कोयनानगरला पाऊस नवा नाही. एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस इथे नेहमीचा. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. बदलली आहे ती पावसाची चाल. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतील संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला की उतारावरची माती पाणी पिऊन सुटते. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावे त्याच यादीतली. इथे पडलेले पाणी कोयनेतून कराडला कृष्णेला मिळते आणि खाली सांगलीच्या घरांत शिरते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. आणि एवढा पाऊस पिऊनही एप्रिल-मे महिन्यांत इथल्या डोंगरावरच्या वाड्यांतले झरे आटतात, बाया हंडा घेऊन उतारावर चढ-उतर करतात.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. ती गावाच्या कोणत्या बाजूला असते? बहुतेक ठिकाणी ओढ्याकडेला, सखल जागी, नाहीतर कुणाला नको असलेल्या उतारावर. ही जागा आपण निवडलेली नाही, जातीने नेमून दिलेली आहे. म्हणून पूर आला की पहिले पाणी आपल्या उंबऱ्यात आणि दुष्काळ पडला की शेवटचा टँकर आपल्या दारात. बाबासाहेबांचे बालपण याच साताऱ्यात गेले. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर नोकरीला होते. त्यांना भेटायला 1901 साली निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळल्यावर रात्रभर पाण्याच्या घोटासाठी तळमळली. डबा भरलेला होता, पण पाणी नव्हते म्हणून तो तसाच राहिला. दुष्काळ सगळ्यांवर येतो, तहान मात्र सारखी वाटली जात नाही. हवामान बदलाचेही तसेच आहे.

मग करायचे काय? माझे म्हणणे काहींना कडू लागेल, पण मांडते. आपल्या वस्त्यांत वर्गणी निघते ती कमानीसाठी, फरशीसाठी, मोठ्या सभामंडपासाठी. त्यामागची श्रद्धा मला मान्य आहे. पण पुढची दोन-तीन वर्षे ही वर्गणी विहाराला पावसाळ्यातला आसरा बनवण्यासाठी वापरावी. छतावर पाण्याची झाकणबंद टाकी, दोन सौर दिवे, एक संडास, कोरडे धान्य ठेवायला एक पेटी आणि औषधांचा एक डबा. कमान पुढेही बांधता येईल.

यात धम्माला सोडून काही नाही. पावसात भिक्खूंनी एका जागी राहावे म्हणून तर वर्षावास आला. आजारी भिक्खू मलमूत्रात पडलेला पाहून तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली, हे आपण विहारात ऐकतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण ग्रंथवाचनाला रोज जमतो, आणि हेच तीन महिने लेप्टो, डेंग्यू, जुलाब आणि सर्पदंशाचे असतात. वाचनानंतरची दहा मिनिटे आरोग्याला दिली तर वेगळी सभा घ्यावी लागणार नाही.

त्या दहा मिनिटांत चार गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली, वस्तीची वही. बीपी, साखर, दमा, फिट्स, टीबी यांची औषधे कोणाला चालू आहेत, गोळीचे नाव काय, कोणत्या बाईचे दिवस भरत आले आहेत, कोणाला उचलून न्यावे लागेल, हे लिहून आशाताईंकडे एक आणि विहारात एक प्रत ठेवावी. वही जपून ठेवावी, ती सगळ्यांनी चाळायची वस्तू नाही. पावसाळ्यात प्रत्येकाने पंधरा दिवसांची औषधे चिठ्ठीसह प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवावीत.

दुसरी, पाणी. विहिरीत हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात ब्लीचिंग पावडर, घरात उकळलेले पाणी किंवा मेडिक्लोर. जुलाब सुरू होताच ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये.

तिसरी, ताप. चिखलात, भातखाचरात काम केल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे दिसले तर ते लेप्टो असू शकते. दुकानातली गोळी घेऊन दिवस घालवू नयेत, आरोग्य केंद्रात जावे. साप चावल्यास दोरी आवळणे, जखम कापणे, मांत्रिक हे काहीही नको. चावलेला भाग हलवू न देता 108 ला फोन करावा. कोयनानगरहून कराड पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून वेळ आपल्या हातातच वाया जाता कामा नये.

चौथी, कधी निघायचे ते. जमिनीला भेगा, झाडे-खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक अडकणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही दरडीची लक्षणे आहेत. ती दिसली की आदेशाची वाट पाहू नये.

दोन हरकती येतील. पहिली, विहारच ओढ्याकाठी असेल तर? मग टाकी बांधण्याआधी जागा तपासून घ्या आणि विहार सुरक्षित नसेल तर शाळा किंवा दुसरी पक्की इमारत ठरवा. तिथे सगळ्या जातींची माणसे एका रात्रीत एकत्र येतील. पाण्याचे पिंप कोणी शिवायचे हा प्रश्न त्या रात्री उभा राहू नये, म्हणून गावाशी आधीच बोलून घ्या. आणि विहार सुरक्षित असेल तर त्याचे दार गावातल्या प्रत्येकाला उघडे असेल, हेही जाहीर सांगा.

दुसरी हरकत मोलाची आहे. हे काम सरकारचे, आपण का पदर मोडायचा? खरे आहे. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी वेगळा आहे. संरक्षक भिंत, निचऱ्याची गटारे, धोक्याच्या वस्तीचे पुनर्वसन ही वर्गणीची कामे नाहीत, ती हक्काने मागायची. 14 एप्रिलची जयंती झाली की पंधरवड्यात 1 मेची ग्रामसभा येते. जयंतीच्या मिरवणुकीत जेवढे होतो, त्यातले निम्मे तरी त्या ग्रामसभेत बसलो आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठलो नाही, तर चित्र बदलेल. पण रस्ता तुटलेल्या त्या पहिल्या रात्री सरकार पोहोचत नाही. ती रात्र आपल्यालाच काढायची असते.

या वर्षावासात पहिल्या दिवशी ग्रंथाशेजारी एक कोरी वही ठेवा. पहिले नाव वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींचे लिहा, आणि त्यांच्या गोळीचेही.