सरकारी बँक लोकांनीच मागितली होती



सरकारी बँकेची मागणी म्हणजे चळवळ्यांचे खूळ, सामान्य माणसाला तिचे काय, असे गेल्या अंकातील पत्राचे म्हणणे आहे. ते वाचून वाईट वाटले. पत्रलेखकांनी दाखला अमेरिकेचा दिला, म्हणून तिथलीच हकिकत सांगतो.

नॉर्थ डकोटातल्या गहू पिकवणाऱ्यांना मिनियापोलिसचे धान्यव्यापारी, रेल्वे कंपन्या आणि सावकारी व्याज लावणाऱ्या बँका नाडत होत्या. १९१५ मध्ये या शेतकऱ्यांनी ‘नॉनपार्टिझन लीग’ उभारली. कार्यकर्ते शेतोशेत फिरले, वर्गणी जमवली. पुढच्याच वर्षी लिन फ्रेझियर हा शेतकरी गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि १९१९ मध्ये २० लाख डॉलर भांडवलावर ‘बँक ऑफ नॉर्थ डकोटा’ सुरू झाली. राज्याचा पैसा तिच्यात जमा होतो आणि स्थानिक बँकांच्या भागीदारीत कर्जरूपाने राज्यातच फिरतो.

राजकारणी बँक बुडवतील ही भीती खोटी नाही. पण १९२१ मध्ये मतदारांनी फ्रेझियर यांना मुदतीपूर्वीच पदावरून दूर केले, बँक मात्र राखली! माणूस आणि संस्था यांतला फरक त्या शेतकऱ्यांना नेमका कळला होता. शंभर वर्षांनंतरही ती बँक चालू आहे.

कॅलिफोर्नियातही नागरिकांच्या रेट्यामुळेच २०१९ मध्ये शहरांना अशा बँका काढण्याची मुभा देणारा कायदा झाला.

पत्रलेखकांनी या मागणीला विरोध जरूर करावा, पण मागणाऱ्यांना खुळे ठरवू नये.

– एक वाचक, सांगली