गावाबाहेर म्हणजे नेमकं कुठे?

गेल्या महिन्यात पाटण तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या बैठकीला बसले होते. गावाचा आपत्ती आराखडा भरायचं काम चाललं होतं. छापील तक्त्यात एक रकाना होता, 'साथीच्या काळात बाहेरून येणाऱ्यांना ठेवण्याची जागा'. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांचं पदनाम आता बदललंय, पण गाव अजून त्यांना भाऊसाहेबच म्हणतं) मान वर न करता लिहिलं, 'जि. प. शाळा'. पुढचा रकाना पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या नावांचा होता. कोण पोहतो, कोण नुसताच डुंबतो यावर पाच-दहा मिनिटं हसणंखिदळणं झालं. शाळेच्या रकान्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

माझ्या शेजारी बसलेल्या सदस्यबाई पुटपुटल्या, "त्या शाळंत म्या चौदा दिवस काढल्यात, ताई. मला इचारलं का कुनी?"

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही बोलले नाही. शेवटची एसटी चुकेल म्हणून उठले. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यासाठी आपण किती झगडलो, आणि ज्या जागेत चौदा दिवस काढले त्या जागेबद्दल निवडून आलेली बाई पुटपुटते आणि मास्टर्स केलेली समाजसेविका एसटीचं घड्याळ बघते! ती टोचणी मनात राहिली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी २०२० ची आठवण. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि मे महिन्यात मुंबईची माणसं गावाकडे यायला लागली. आमच्या या खोऱ्यातली कित्येक घरं मुंबई-वाशीच्या बाजारातल्या माथाडी कामावर उभी आहेत. गणपतीला आणि जत्रेला ज्यांची वाट बघितली जाते तीच माणसं दारात आली तेव्हा गावाने वेशीवर बांबू आडवे लावले. चौदा दिवस बाहेर राहा, मग घरी या. माझा त्या चौदा दिवसांना विरोध नव्हता, आजही नाही. साथ खरी होती, गावात म्हातारी माणसं होती. माझा प्रश्न जागेचा आहे.

त्या सदस्यबाई तेव्हा सदस्य नव्हत्या. नवरा आणि दोन मुलांबरोबर त्या मुंबईहून आल्या होत्या. शाळा गावापासून अर्धा कोस, माळावर. दोन खोल्या. तीन कुटुंबं आणि दोन एकटे तरुण. संडास पहिली-दुसरीच्या मुलांच्या मापाचा, आतून कडी नाही, आणि मे महिन्यात नळाला पाणी नाही. अंघोळीला भिंतीच्या कोपऱ्यात साडी बांधलेली. चौथ्या दिवशी त्यांची पाळी आली. कापड कुठे धुवायचं, कुठे वाळत घालायचं, खोलीत परके पुरुष झोपलेले. "दिस बुडाला की ओढ्याला जायाची मी, मोबाईलच्या उजेडात. पोरीला संगं न्यायची. सापाकिरड्याचं भ्या न्हाई वाटलं, मानसांचं वाटलं." वेशीवर गावातली पोरं राखणीला होती म्हणे. हो, होती. शाळेतल्या माणसांनी गावात येऊ नये म्हणून. शाळेकडे कोण जातंय हे बघायला कुणीच नव्हतं.

आणि डबा? दोन वेळचा डबा सासू डोक्यावरून आणायची. साठीतली बाई, उन्हातान्हात, चढाने. कुंपणाबाहेर दगडावर ठेवून परत जायची. आशाताई रोज दुपारी ताप मोजायला यायच्या, त्यांच्याकडे आणखी तीन वाड्या. या जादा कामाचे त्यांना केंद्राकडून महिन्याला हजार रुपये, तेही कधी मिळणार, कधी नाही. म्हणजे बघा, जागा 'लांब' ठरली की ते लांबचं अंतर कुणाच्या पायांनी भरून निघतं? ठरवणाऱ्यांच्या नाही.

लांबच्या, ओसाड, कुणाचं लक्ष नसलेल्या जागेत काय होऊ शकतं हे त्याच वर्षी दिसलं. जुलै २०२० मध्ये पनवेलजवळच्या विलगीकरण केंद्रात एका महिलेवर बलात्कार झाल्याची तक्रार आली. मग आरडाओरडा झाला, नियमावलीची मागणी झाली. बाईला एकटं ठेवलेल्या इमारतीत कोण कुठल्या मजल्यावर जाऊ शकतो हा प्रश्न जागा ताब्यात घेतानाच विचारायचा असतो, हे तक्रारीनंतर सुचलं.

हे सगळं नवं आहे का? १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरातून माणसं काढून विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली. तेव्हाच्या सोजिरांच्या झडत्यांबद्दल आणि रँडच्या वधाबद्दल शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वृत्तपत्रात पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात नेलेल्या बायकामुलींची काय अवस्था आहे, त्यांची अब्रू सुरक्षित नाही, हे सरकारला सुनावलं होतं, ते मात्र पुस्तकात नाही. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं. एका बाईने जागेबद्दल बोलावं आणि वरून 'अतिशयोक्ती' म्हणून उत्तर यावं, ही रीत तेव्हापासूनची. त्याच साथीत सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. तोही शहराबाहेरच. पण तिथे शुश्रूषा करणारी माणसं होती, आणि रुग्णाला आणायला सावित्रीबाई स्वतः जात होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. शहराबाहेरची प्रत्येक जागा वाईट असं मी म्हणत नाही. तिथे आपलं माणूस आहे की नाही, यावर सगळं आहे.

आता कुणी म्हणेल, ताई, भावनेचं बोलताय, रोग पसरतो त्याचं काय? तर रोगाचंच बोलू. करोना हवेतून, बंद खोलीत, गर्दीत, जवळ बसण्या-बोलण्यातून पसरला. अर्धा कोस अंतर त्याला रोखत नाही. एका खोलीत आठ जण कोंबले तर शाळा माळावर असो की पेठेत, एकाचं आठांना होणारच, आणि चौदाव्या दिवशी 'मोकळे' झाले म्हणून घरी गेले की घरच्यांना. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये परदेशातून परतणाऱ्यांना मेलबर्न शहरातल्या मोठ्या हॉटेलांत ठेवलं होतं. तिथून विषाणू राखणीला ठेवलेल्या कंत्राटी माणसांबरोबर बाहेर पडला आणि शहरात दुसरी लाट आली. त्याच देशात डार्विनजवळ हॉवर्ड स्प्रिंग्ज नावाची, एका गॅस प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेली जुनी वसाहत होती. सुट्या खोल्या, प्रत्येकीला मोकळा व्हरांडा, सोबत वैद्यकीय पथक. तिचं सगळ्यांनी कौतुक केलं. ती शहराबाहेर होती म्हणून चांगली असं काहींनी म्हटलं. मला विचाराल तर तिथे प्रत्येकाला आपला दरवाजा आणि आपला वारा होता, म्हणून.

आणि आपल्याच मुंबईत धारावीचं बघा. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला. बहुसंख्य लोक सार्वजनिक संडासावर अवलंबून, दहा बाय दहाच्या खोलीत घर, तिथे कुणाला 'घरीच वेगळे राहा' सांगणार? महापालिकेने वस्तीलगतच्या शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडा संकुल घेतलं आणि जेवण, डॉक्टर तिथेच दिले. जवळची जागा म्हणून रोग वाढला असं झालं नाही, उलट तो आटोक्यात आला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घरीच ठेवा, बाहेर नको, असंही आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात. मला ते पटत नाही. घरी विलगीकरण म्हणजे नवरा आतल्या खोलीत आणि बाई त्याचं ताट दाराशी ठेवते. बाई विलगीकरणात असेल तर ती चुलीपाशी तोंडाला पदर बांधून भाकरी थापते. तिला कोण वेगळं ठेवणार? त्याच शाळेत राहिलेल्या दुसऱ्या एका बाईने मला सांगितलं होतं, "लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा चौदा दिस बसून खाल्लं, बगा." ती हसली, मी पण हसले. नंतर घरी येताना मात्र हसू आलं नाही. तेव्हा जागा हव्याच. फक्त बाईला राहता येईल अशा.

पैशाचाही पदर आहे. मे २०२० मध्ये विमानाने परदेशातून येणाऱ्यांची सोय हॉटेलांत होत होती. पैसे त्यांचे त्यांनी भरायचे, हे खरं. डिसेंबरमध्ये इंग्लंडातला नवा विषाणू आल्यावर युरोप आणि आखातातून येणाऱ्यांना राज्याने पुन्हा संस्थात्मक विलगीकरणात घातलं. त्यांच्या खोलीला कडी होती. टेम्पोने, पायी, एसटीने आलेल्यांना शाळेची फरशी. दोघंही परतणारे प्रवासीच. या काळात आमच्या डोंगरातली रिसॉर्टं, रस्त्याकडेची मंगल कार्यालयं कुलपात होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ प्रमाणे अशा खासगी जागा मोबदला देऊन ताब्यात घेता येतात. कायदा होता, कुलूपही दिसत होतं. पण शाळा मागायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. शाळा, मुलींचं वसतिगृह, अंगणवाडी, हे सोपं. बायका-मुलांच्या जागा घेताना कुणाला नाराज करावं लागत नाही.

'गावाबाहेर' या शब्दाबद्दल थोडं. ज्या गावात मी बसले होते तिथे शाळेची माळावरची वाट बौद्धवस्तीला लागून जाते. गाव म्हणतं शाळा गावाबाहेर आहे. वस्तीतल्या बाया म्हणतात, "आमच्या दाराशी हाय." २०२० मध्ये त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वस्तीच्या हातपंपाचं पाणी शाळेतली माणसं भरायची म्हणून कुरबूर झाली, आणि गावाने ती वस्तीचीच आडमुठी म्हणून सांगितली. महाराष्ट्रात गावाच्या बाहेर रिकामं काही नसतं, मैत्रिणींनो. तिथे कुणीतरी राहतंच. गावाने पूर्वीपासून ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्याच अंगणात दरवेळी गावाची भीती आणून सोडायची का?

ऑगस्ट २०२० मध्ये गणपतीसाठी कोकणात येणाऱ्यांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं तेव्हा दिवसांवरून केवढी चर्चा झाली! चौदा की दहा, बारा तारखेच्या आत की नंतर. तिकडच्या एका कार्यकर्तीला मी फोनवर विचारलं, दहा दिवस बायकांनी कुठे काढायचे यावर बैठक झाली का? ती म्हणाली, बैठक आरतीच्या वेळांवर झाली.

मागच्या आठवड्यात मी त्या गावात परत गेले. या वेळी मुक्कामाला, एसटीचं निमित्त नको म्हणून. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, ती बहुतेक गावांत रजिस्टरवर सह्या गोळा करून होते, पण या गावात सतरा जणी खरंच आल्या. मी फलकावर काही लिहिलं नाही. एवढंच विचारलं, उद्या तुम्हालाच चौदा दिवस बाहेर राहायची वेळ आली तर या गावात कुठे राहाल?

पहिल्यांदा कुणी बोलेना. मग एक काकू म्हणाल्या, देवळामागचं भक्तनिवास, तिथं दिवाबत्ती आहे, रस्त्यावर आहे, हाक मारली तर ऐकू येते. दुसरीने मोडता घातला, देवळात पाळीच्या बाईला कोण ठेवून घेईल? यावर बरीच गरमागरमी झाली, मी मध्ये पडले नाही. समाजमंदिराचं नाव निघालं, त्याला संडास नाही, बांधायला पंचायतीकडे पैसे मागता येतील का? बौद्धवस्तीतली एक तरुण मुलगी म्हणाली, कुठेही करा, पण पाणी टँकरने आणा, आमच्या पंपावर नको. आशाताईंनी सांगितलं, मला रोज चढ चढायला लावू नका आणि रात्री बोलावलं तर सोबतीला कोण येणार ते आधी लिहून ठेवा. बायकांची खोली वेगळी, तिची किल्ली बायकांकडेच, हे सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. एका आजींनी तर मुंबईला राहणाऱ्या एका बड्या माणसाच्या बंगल्याकडेच बोट दाखवलं. वर्षाचे अकरा महिने कुलूप. "दोन संडास हायती त्येच्यात, आन् आत कडी हाय!" तेव्हा कुठे सगळ्या मोकळेपणी हसल्या.

सदस्यबाई उठल्या, पंचायतीच्या कार्यालयात गेल्या आणि तक्ता घेऊन आल्या. तो अजून तालुक्याला गेलेला नाही. भाऊसाहेब जरा कुरकुरले, पण शाळेच्या नावावर त्यांनी काट मारली. ग्रामसभेत काय ठरतं ते ठरेल, तोवर त्या रकान्यात बायकांनी सुचवलेल्या तिन्ही जागा पेन्सिलीने लिहून ठेवल्या आहेत. बंगल्याच्या मालकाला पत्र कोणी घालायचं एवढंच राहिलंय.